पद्मिनीचा निळा धूर

'वीकेण्डला काय करतेस?' असं कुणी विचारलं, की माझं सध्याचं उत्तर ठरलेलं. व्हॉल्व्ह घासते!

बाबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी चार वर्षं पार्किंगमध्ये कव्हरखाली पडून होती. शेवटची चालवली तेव्हा मागून निळा धूर येत होता, म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३मध्ये गेल्या, आता हिचं काय घेऊन बसलात, असं भंगारवाला म्हणाला. 'देऊन टाक,' बाबा म्हणाले आणि दोन दिवस जेवताना गप्प. मग मीच म्हटलं, खोलू या.

१०८९ सीसी, चार सिलिंडर, कॉम्प्युटरची भानगड नाही. इंजिन उतरवायला तेवढा गल्लीतला मेकॅनिक आणि त्याची चेनपुली. रिंगा पार झिजलेल्या. ब्लॉक बोअरिंगला दिला, पिस्टन नाना पेठेतून आणले. व्हॉल्व्ह मात्र घरीच. ग्राइंडिंग पेस्ट लावायची आणि कडेला सलग राखाडी पट्टी उमटेपर्यंत उलटसुलट फिरवत बसायचं. आठ व्हॉल्व्ह, दोन रविवार. जिम कॅन्सल.

आणि मग मी माती खाल्ली. हेडचे बोल्ट एका टोकापासून, अंदाजाने आवळले. गॅस्केट लीक, रेडिएटरमध्ये बुडबुडे. सगळं पुन्हा खोला!

बाबा खुर्ची टाकून बघत होते. 'मधून बाहेर यायचं. आणि टप्प्याटप्प्याने,' म्हणाले. टॉर्क रेंच माझ्या हातातून घेतला आणि पहिला बोल्ट स्वतः आवळला.

काल सुरू झाली. धूर नाही. रिंगा बसेपर्यंत सावकाश चालवायची आहे. बाबांना थेट कोल्हापूरला न्यायचीय. साठच्या वर काटा जाणार नाही, ही अट माझी.