ओम्नीला रेडिएटर कुठला?

मारुतीने ओम्नी बनवणं २०१९ मध्येच बंद केलं, पण आमचे बाबा त्यांची २००३ ची गाडी काही सोडत नाहीत. रेडिएटर गळायला लागला आणि दोन पक्ष पडले. बाबा म्हणतात तांब्याचाच. गॅरेजवाला म्हणतो, "ॲल्युमिनियमचा जाड कोअर टाका, घाटात टेन्शन नाय."

मी बाबांच्या बाजूने, पण कारण वेगळं. तांबं ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं हे खरंय. पण अडतं ते धातूपाशी नाही, हवेपाशी. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये रखडताना वारा मिळतो तो पंख्याचाच, आणि जाड कोअरमधून हवा ओढताना तोच छोटा पंखा दमतो. म्हणजे अडलाय डेटाबेस आणि आपण वाढवतोय रॅम :-)

मला तांबं हवंय ते दुरुस्तीसाठी. पितळी टाकी गळली तर डाख देऊन चालू करता येते. ॲल्युमिनियमच्या कोअरवर बहुतेक प्लास्टिकची टाकी दाबून बसवलेली असते. ती तडकली की अख्खा रेडिएटर भंगारात. बाबा सत्तरीचे, चिपळूणला एकटेच जातात. पाणी संपून इंजिन तापलं तर हेड वाकतं, आणि मग टोइंगची वाट बघत घाटात बसा.

दोन वर्षांत गाडी विकायची असेल तर खुशाल ॲल्युमिनियम घ्या, हलका आणि स्वस्त पडतो. आम्ही जुन्या टाक्या ठेवून तेवढ्याच जाडीचा तांब्याचा कोअर बसवतोय. झाकण मात्र नवीनच. आणि बोअरचं पाणी बंद, आता कूलंट!