शाळेची तयारी : राबणं आईचं, सही बापाची

मे महिना संपत आला की वस्तीवस्तीत एकच विषय असतो. कुणाचा गणवेश तोकडा झालाय, कुणाच्या दप्तराची चेन तुटलीय, कुणाचा उत्पन्नाचा दाखला अजून तहसीलमध्ये अडकलाय. राज्यातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भातल्या उन्हामुळे थोड्या उशिरा. त्याआधीचे दोन-तीन आठवडे घरातल्या बाईच्या अंगावर येतात. आपल्या अनेक गटांचाही या दिवसांतला एक ठरलेला कार्यक्रम असतो : वह्यावाटप. कुणीतरी देणगी देतं, पाहुणे येतात, मुलं रांगेत उभी राहतात, फोटो निघतो आणि आपण पुढच्या कामाला लागतो.

वह्या वाटू नयेत असं माझं म्हणणं नाही. ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेला पीठ संपतं, त्या घराला डझनभर वह्यांची किंमत बरोबर कळते. पण स्त्रियांची संघटना म्हणून आपण ‘कुटुंबाला मदत’ करतो, तेव्हा हे कुटुंब म्हणजे कोण, हा प्रश्न आपणच विचारायला हवा. त्या एका शब्दात धावपळ करणारी असते, उसनवारी करणारी असते, आणि शेवटी कागदावर सही करणारा असतो. पहिल्या दोघी बहुधा एकच बाई असतात. तिसरा वेगळा असतो. शाळेची तयारी हे आईचं काम आणि मुलाबद्दलचा निर्णय हा बापाचा अधिकार, ही वाटणी आपण जशीच्या तशी ठेवली, तर आपली मदत त्या वाटणीलाच हातभार लावते. माझा मुद्दा एवढाच आहे, आणि तो चार ठिकाणी दिसतो : कष्टात, कर्जात, कागदात आणि मुलीच्या बाबतीत.

कष्टाचं वेगळं सांगायला नको. पुस्तकांना कव्हर घालणं, जुना फ्रॉक सोडवून मोठा करणं, मुख्याध्यापकांना भेटायला अर्ध्या दिवसाचा खाडा करणं, सकाळच्या शाळेसाठी पाणी येण्याच्या वेळेशी डब्याची वेळ जुळवणं, या सगळ्याची कुठेच नोंद नसते. घरकामाला जाणाऱ्या बाईचा खाडा म्हणजे कापलेला पगार. मुलाच्या बापानं खाडा केला तर तो ‘मुलासाठी केवढं करतो’ म्हणून नावाजला जातो, बाईनं केला तर ते तिचं कर्तव्यच. शाळासुद्धा हेच धरून चालतात. पालकसभा म्हणजे आयांची सभा. मूल मागे पडलं तर आईला बोलावणं, पहिलं आलं तर बापाचा सत्कार.

आता कर्ज. आपल्या बचत गटांच्या वह्या काढून बघा. मे-जूनमध्ये उचललेल्या कर्जापुढे कारण म्हणून ‘घरखर्च’ लिहिलेलं असतं. त्यातलं बरंचसं शाळेसाठी असतं. कर्ज बाईच्या नावावर, हप्ता तिच्या मजुरीतून, आणि तो पैसा कुठल्या मुलावर जाणार हे मात्र तिचा नवरा किंवा सासू ठरवते. आपण सगळ्याजणी ही कहाणी ओळखतो : मुलगा फी भरून इंग्रजी माध्यमात, मुलगी महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत. सरकारी शाळा वाईट असं मी म्हणत नाही. कित्येक ठिकाणी ती शेजारच्या पाटीवाल्या इंग्रजी शाळेपेक्षा चांगली असते. प्रश्न असा आहे की एकाच घरात कुणावर खर्च करायचा हे मुलाचं लिंग बघून का ठरतं? गटानं या जूनपासून एक साधी गोष्ट करावी. कर्जाच्या नोंदीत ‘घरखर्च’ न लिहिता ‘मुलाच्या शाळेसाठी’ किंवा ‘मुलीच्या शाळेसाठी’ असं लिहावं. वर्षअखेर बेरीज करावी आणि ती बैठकीत मोठ्यानं वाचावी. भाषणापेक्षा त्या बेरजेचा उपयोग जास्त होईल.

जो खर्च करायचाच नाही तोही आपण करतो. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलांचं पहिली ते आठवीचं शिक्षण त्यानं मोफत केलं. प्रवेशासाठी देणगी घेणं हा गुन्हा आहे आणि घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची मुलाखत घेतली तर पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हे माहीत नसल्यामुळे आई मंगळसूत्र गहाण ठेवते आणि ‘डोनेशन’ भरते. खरं तर वह्यांच्या पहिल्या पानावर ही कलमं छापून द्यायला हवीत.

तिसरा मुद्दा कागदाचा, आणि सगळ्यात जास्त बायका तिथेच अडतात. महाराष्ट्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असेल. चांगला निर्णय आहे. स्त्री चळवळीनं वर्षानुवर्षं मागणी केल्यावर तो झाला. पण त्या तारखेनंतर जन्मलेली मुलं २०३० च्या सुमाराला पहिलीत जातील. आज शाळेच्या दारात उभी असलेली मुलं जुन्याच कागदांची आहेत. शिवाय नाव आलं म्हणजे अधिकार आला असं नाही.

टाकलेल्या बाईचं उदाहरण घ्या. २५ टक्के राखीव जागांच्या प्रवेशात विधवेला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला दाखवून स्वतःची कागदपत्रं देता येतात. घटस्फोटितेजवळ न्यायालयाचा निकाल असतो. परित्यक्तेजवळ काय असतं? नवरा सोडून गेला याचा कागद कुणीच देत नाही. उत्पन्न त्याचं विचारलं जातं, सही त्याची मागितली जाते, मुलाचा जन्मदाखला सासरच्या पेटीत असतो. जातीच्या दाखल्यासाठी तर बापाकडचे जुने पुरावे हवेत : अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ पूर्वीचे, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ पूर्वीचे. ज्या घरानं तिला हाकलून दिलं त्याच घरासमोर तिनं मुलाच्या शाळेसाठी हात पसरायचा. १९८० च्या दशकात आपल्या चळवळीनं टाकलेल्या बायकांचा प्रश्न पोटगी आणि निवाऱ्याच्या अंगानं मांडला. तो प्रश्न दर जूनमध्ये शाळेच्या कार्यालयातही उभा असतो.

इथे कायदा अगदीच रिकामा नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून पहिली ते आठवीचा प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ आहे. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे कलम ५. बाप हयात असूनही तो मुलाकडे बघत नसेल तर आई नैसर्गिक पालक म्हणून निर्णय घेऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं गीता हरिहरन खटल्यात १९९९ सालीच सांगितलं. अविवाहित आईला बापाची संमती न घेता पालकत्व मिळू शकतं, हे २०१५ मध्ये सांगितलं. आंतरजातीय लग्नातल्या मुलाची जात बापाचीच असं आपोआप धरता येत नाही, मूल आईच्या समाजात कसं वाढलं याचे पुरावे देता येतात, हे २०१२ मध्ये सांगितलं. अडचण अशी की हे निकाल शाळेच्या खिडकीपर्यंत पोचत नाहीत. खिडकीतला कारकून म्हणतो, ‘साहेबांना घेऊन या.’ त्या वेळी तिच्याबरोबर एक कार्यकर्ती आणि हातात कलमाची झेरॉक्स असेल, तर बोलणं बदलतं. ‘नाही’ म्हणायचं असेल तर लेखी द्या, एवढं एक वाक्य प्रत्येकीला पाठ हवं.

चौथा मुद्दा मुलीचा. आठवीपर्यंत कायद्याचं छत्र आहे. नंतर ते संपतं, आणि नेमक्या त्याच वयात मुलगी मोठी झाली असं घराला वाटू लागतं. गावातली शाळा चौथीला किंवा सातवीला थांबते, हायस्कूल पाच-सात किलोमीटरवर असतं. एप्रिल-मे हे लग्नसराईचे महिने. मार्चमध्ये हजेरीपटावर असलेली मुलगी जूनमध्ये दिसत नाही, तेव्हा शाळा ‘गळती’ असा शब्द वापरते. पाणी गळतं, मुली गळत नाहीत. कुणीतरी त्यांना काढतं : लग्न लावून, धाकट्या भावंडाला सांभाळायला बसवून किंवा कोयत्यावर नेऊन. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि दिवाळीच्या आसपास मोडतं. त्या घरांची तयारी जूनच्या वह्यांनी होत नाही. तिथे ऑक्टोबरच्या आधी हंगामी वसतिगृहाची मागणी लावून धरावी लागते आणि मुलीलाही तिथे ठेवायला आईबाप राजी व्हावेत म्हणून घरोघर बसावं लागतं.

सरकार काम करतंच आहे, आपण कशाला, असं कुणी म्हणेल. गणवेशाचं उदाहरण बघा. २०२४-२५ मध्ये राज्यानं सगळ्या सरकारी शाळांसाठी एकाच रंगाचा गणवेश ठरवला. कापड वरून खरेदी झालं आणि शिलाईचं मोठं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे आलं. बायकांना रोजगार म्हणून गाजावाजा झाला. प्रत्यक्षात कापड उशिरा पोचलं, दर परवडत नाही अशी गटांची ओरड झाली, आणि कित्येक मुलांनी पावसाळा जुन्याच गणवेशात काढला. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. शिवणारीही बाईच होती आणि मुलाला जुना सदरा घालून पाठवणारीही बाईच. वरून ठरवताना दोघींपैकी कुणाला विचारलं होतं?

शाळा व्यवस्थापन समिती हा शब्द इथे आला ते बरं झालं. सरकारी आणि अनुदानित शाळांत कायद्यानं ही समिती असते, तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. आपल्या गावातल्या समितीत निम्म्या बायका कागदावर असतीलच. त्यांतल्या किती जणींना बैठकीची तारीख कळते आणि किती जणींच्या सह्या घरी येऊन घेतल्या जातात, हे विचारा. वह्यावाटपाला जमणाऱ्या बायकांपैकी दोघी जरी या समितीत ठामपणे बसल्या, तरी गणवेशाचं कापड, संडासातलं पाणी, मुलींच्या शाळेची वेळ हे विषय बैठकीत येतील.

म्हणून माझी सूचना अशी की शाळेची तयारी हा गटाचा वर्षभराचा कार्यक्रम व्हावा. २५ टक्के जागांचे अर्ज शाळा उघडण्याच्या कितीतरी आधी निघतात. २०२५-२६ साठीचे अर्ज तर जानेवारी २०२५ मध्येच सुरू झाले होते. म्हणजे दाखल्यांची जमवाजमव दिवाळीनंतर लगेच सुरू करायची, आणि परित्यक्तांची यादी आधी. मार्चमध्ये सातवी, आठवी, दहावीतल्या मुलींची नावं शिक्षकांकडून घ्यायची. एप्रिल-मेमध्ये लग्नाची कुणकुण लागली तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला कळवायचं, आणि त्या आईच्या पाठीशी उभं राहायचं, कारण कळवल्याचा राग तिच्यावरच निघतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात मार्चची यादी घेऊन दारोदार जायचं : ही मुलगी कुठे आहे? ग्रामीण भागात पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, पण बस शाळेच्या वेळेला येत नसेल तर पास काय कामाचा? मग डेपोत निवेदन द्यायचं, पाच-पन्नास जणींनी मिळून.

यावर एक रास्त आक्षेप येईल : हे सगळं करणार कोण? पुन्हा आपणच. बायकांच्या कामात आणखी एका कामाची भर. म्हणूनच शेवटची सूचना पुरुषांबद्दल आहे. गटाची शाळेविषयीची बैठक रविवारी घ्या आणि निमंत्रण बापांना द्या. तहसीलची एक फेरी आणि पालकसभेची एक हजेरी बापानं लावायची, एवढं प्रत्येक घरातून मागा. सगळे ऐकणार नाहीत. काही हसतील. पण मागितलंच नाही, तर हे काम त्यांचंही आहे हे त्यांना कोण सांगणार?

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे मागणी केली होती की निदान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. तो हक्क कायद्याच्या पुस्तकात यायला सव्वाशे वर्षं लागली. आता तो पुस्तकातून घराच्या उंबऱ्यापर्यंत आणण्याचं काम शिल्लक आहे. या जूनमध्ये वह्या जरूर वाटा. वाटताना प्रत्येकीला तीन गोष्टी विचारा : अर्जावर सही कुणाची आहे, कर्ज कुणाच्या नावावर आहे, आणि तुझी मुलगी यंदा कितवीत आहे?