'हरित'चे विशेष्य कोणते?

'हरित विमानतळ' हा शब्दप्रयोग अलीकडे वृत्तपत्रांतून इतक्या सहजपणे येतो की, त्यातील विशेषणापाशी थांबावे असे कुणास वाटत नाही. मराठीच्या अध्यापकांना मात्र विशेषण दिसले की विशेष्य शोधण्याची सवय असते. येथे हरित नेमके काय आहे? इमारत, तिला लागणारी वीज, की तेथून होणारे उड्डाण?

आम्हां श्रीरामपूरकरांना हा प्रश्न परका नाही. कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे शिर्डी विमानतळाचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. हा विमानतळ वाढेल, तसे हे विशेषण आज ना उद्या इकडेही येणारच.

श्रेय आधी द्यावयास हवे. कोची विमानतळावर ऑगस्ट २०१५ मध्ये १२ मेगावॅट क्षमतेचा सौर प्रकल्प सुरू झाला आणि पूर्णतः सौरऊर्जेवर चालणारा जगातील पहिला विमानतळ म्हणून त्याचे नाव झाले. तेथे सौरपट्ट्यांखाली भाजीपालाही पिकतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाने २०२२ मध्ये आपली सारी वीज जल, पवन, सौर अशा स्रोतांकडे वळवली. आणखीही उपाय आहेत. विमान जमिनीवर उभे असताना आतील दिवे व थंडावा चालू राहावा म्हणून त्याच्या शेपटीतील छोटे इंजिन इंधन जाळत राहते. इमारतीतूनच वीज व थंड हवा पुरवली, तर ते बंद ठेवता येते. ही बचत खरी आहे. तिला नुसता देखावा म्हणणे अन्यायाचे होईल.

अडचण आहे ती मोजणीची. विमानतळांच्या उत्सर्जनाला श्रेणी देणारी आंतरराष्ट्रीय पद्धत २००९ मध्ये सुरू झाली. तिच्या आरंभीच्या पायऱ्यांवर विमानतळाने स्वतः जाळलेले इंधन आणि विकत घेतलेली वीज एवढेच मोजले जाते. 'कार्बन-तटस्थ' ही पायरीसुद्धा एवढ्याच उत्सर्जनाची भरपाई मागते. विमानांनी आकाशात जाळलेले इंधन या तटस्थतेच्या बाहेर राहते. आणि मोठा आकडा तर तोच असतो. सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत बसलेला सभासद ताळेबंद वाचताना कोणता खर्च कोणत्या खात्यावर टाकला, हे विचारतो. मग येथेच आपण गप्प का?

विमान कंपन्यांच्या इंधनाला विमानतळ जबाबदार कसा, असा प्रतिवाद होईल. तो रास्त आहे. पण मग विशेषणही तेवढ्यापुरतेच असावे. 'हरित इमारत' म्हणा, आमची हरकत नाही. 'हरित विमानतळ' म्हटले की ऐकणाऱ्याला प्रवासही हरित वाटतो, आणि गफलत नेमकी येथे होते. शिर्डीच्या भाविकांपुढे पर्याय नाही असेही नाही. मुंबईहून साईनगर शिर्डीला विजेवर धावणारी वंदे भारत गाडी १० फेब्रुवारी २०२३ पासून सुमारे साडेपाच तासांत पोहोचते. इमारतीवर कितीही सौरपट्ट्या बसवल्या, तरी उड्डाणात जळणारे इंधन त्यांनी कमी होत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ज्या विमानतळाला हे विशेषण हवे, त्याने इमारतीचे आणि उड्डाणांचे उत्सर्जन दोन रकान्यांत, शेजारी शेजारी, दरवर्षी आणि मराठीत प्रसिद्ध करावे. आपल्या वर्गांतूनही कवितेइतक्याच बारकाईने हे गद्य वाचून घ्यावे. काकडीच्या आसपास शेती करणाऱ्या घरांतील मुले आज आमच्या वर्गांत बसतात. ज्या हवामानावर त्यांचे पीक उभे आहे, त्याविषयी वापरला जाणारा शब्द त्यांना तपासता आलाच पाहिजे. भाषाशिक्षणाचा याहून निकडीचा उपयोग आम्हांस तरी ठाऊक नाही.