हिटलरचा गौरव बंद करा : मानोरा तालुक्यातील तमाम नागरिकांस जाहीर विनंती

ज्या तालुक्यात पोहरादेवी आहे, आणि संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे ज्या भूमीस देशभरचा बंजारा समाज आपली काशी मानतो, त्या तालुक्यात तरी ‘या देशाला हिटलरच पाहिजे’ असे उद्गार कोणी बेलाशक काढू नयेत, असे आमचे ठाम मत आहे.

याचे कारण असे की, 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने अनेक भटक्या जमातींना, आणि काही प्रांतांत बंजाऱ्यांनाही, जन्मतःच गुन्हेगार ठरविले. नावे सरकारदप्तरी चढली, पुढे बोटांचे ठसेही घेतले गेले, ठरल्या वेळी हजेरी द्यावी व परवान्यावाचून गाव सोडू नये असे हुकूम सुटले. आणि हा कायदा स्वराज्य आल्यावरही 31 ऑगस्ट 1952 पर्यंत पुरता उठला नाही.

हिटलरच्या अमलातही प्रारंभ दप्तरापासूनच झाला. 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यू कोण हे त्याच्या आचरणावरून नव्हे, तर आजा-आजीच्या धर्मावरून ठरविले. नागरिकत्व, व्यवसाय, मालमत्ता, घरदार असे एकेक गेले, आणि अखेरीस सुमारे 60 लाख ज्यूंचे प्राण. ज्यांच्या भाषेचे मूळ भारतात आहे त्या युरोपातील रोमा लोकांचीही अशीच वंशवार नोंद झाली, आणि 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री औश्वित्झच्या छावणीत उरलेल्या चार हजारांहून अधिक रोमांना, ज्यांत वृद्ध, स्त्रिया व लेकरे होती, विषारी वायूने मारण्यात आले. ‘तो शिस्तीचा माणूस होता’ म्हणणाऱ्यांनी ही शिस्त कशाची होती ते सांगावे.

ज्यू म्हणजे कोणी दूरचे परके, हा समजही खोटा आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवून शनिवारी ते बंद ठेवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणविले गेलेले बेने इस्राएल मराठीच बोलत आले. 2006 साली खारघरात हिटलरच्या नावाने उपाहारगृह निघाले, तेव्हा ज्यू समाजाला हरकत घ्यावी लागली, मग ते नाव बदलले. आणि 2008 च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावरील अतिरेकी हल्ल्यात तेथील ज्यू धर्मगुरू व त्यांच्या पत्नीसह सहा जण मारले गेले. इस्रायल सरकारच्या धोरणावर ज्याला कठोर टीका करावयाची त्याने खुशाल करावी. परंतु ‘जगाची सूत्रे ज्यूच हलवितात’ असला मजकूर मोबाइलवरून पुढे धाडणे ही टीका नव्हे, तो हिटलरचाच प्रचार होय.

सबब शिक्षकांनी 27 जानेवारीस, म्हणजे औश्वित्झच्या मुक्ततेच्या दिवशी, वर्गात हा इतिहास सांगावा. ग्रंथालयांनी हिटलरच्या आत्मचरित्राशेजारी त्याच्या बळींचीही पुस्तके ठेवावीत. आणि तांड्या-तांड्यांतून 31 ऑगस्टचा विमुक्त दिन पाळला जाईल, तेव्हा त्याच सभेत 2 ऑगस्टच्या रात्री मारल्या गेलेल्या रोमांनाही श्रद्धांजली वाहावी.