समुद्रातून आलेले हिम

मराठी माणसाला हिम बहुधा चित्रांतूनच ठाऊक असते. पावसाचे रौद्र रूप मात्र त्याच्या पूर्ण परिचयाचे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबापुरीचा गर्व कसा वाहून गेला हे आम्ही पाहिले आहे. हिमाविषयी आमच्या मनात आहे ते नुसते कौतुक. सुट्ट्या लागल्या की हिमालयाची वाट धरणाऱ्यांत मराठी तरुण पुष्कळ असतात, आणि त्याचा आम्हांस अभिमानच वाटतो. परंतु या कौतुकाला आदराची जोड असावी, म्हणून २०१४ सालच्या एका घटनेचे स्मरण करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

त्या वर्षी १२ ऑक्टोबर रोजी ‘हुदहुद’ हे चक्रीवादळ विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आदळले. हवामानखात्याने पूर्वसूचना वेळेवर दिली होती. लाखो लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले आणि मोठी प्राणहानी टळली. वादळ ओसरले, असे मैदानातील माणसाला वाटले. वस्तुतः ते उत्तरेकडे वळले होते. दोनच दिवसांनी, बंगालच्या उपसागरातून उचललेली ती वाफ सुमारे बाराशे किलोमीटर दूर नेपाळात, अन्नपूर्णेच्या पर्वतरांगांवर येऊन थडकली, वर चढता चढता गोठली आणि हिम होऊन कोसळू लागली. ऑक्टोबर हा तेथे निरभ्र आकाशाचा महिना; त्यामुळे ५,४१६ मीटर उंचीवरील थोरोंग खिंडीच्या वाटेवर देशोदेशीच्या पदयात्रींची गर्दी होती. काही तासांत कमरेइतके हिम साचले. आकाश कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते, हे कळेना. उतरताना कित्येकांची वाट हरवली. त्या परिसरात किमान ४३ माणसे प्राणांस मुकली. त्यांत परदेशी पाहुणे होते, भारतीय होते आणि ज्यांचा जन्म त्याच डोंगरांत गेला असे वाटाडे व हमालही होते.

निसर्गाच्या दारी जाणता आणि नेणता हा भेद नाही. जो समुद्र सायंकाळी आमच्या पायांशी खेळतो, तोच दोन दिवसांत आकाशातून प्रवास करून हिमालयाच्या माथ्यावर मृत्यू होऊन उतरतो, ही कल्पनाच माणसाला नम्र करणारी आहे. तथापि सारा दोष निसर्गाच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. ज्या सूचनेने किनाऱ्यावर लाखोंचे रक्षण केले, ती खिंडीतील बहुतेक वाटसरूंपर्यंत पोचलीच नव्हती. शास्त्राला वादळ दिसले होते. ते सांगण्याची व्यवस्था माणसांनी केली नव्हती.

हिमालयापुढे नम्र होणे म्हणजे भिऊन घरी बसणे नव्हे. निघण्यापूर्वी हवामानाची चौकशी करावी. वाटाड्या थांबा म्हणाला तर पैसे आणि सुट्टी यांचा हिशेब न करता थांबावे. आणि आपले ओझे वाहणाऱ्याच्या अंगावर आपल्याइतकेच उबदार कपडे आहेत की नाहीत, हे स्वतः पाहावे. शिखर कोठे जात नाही. माघारी फिरलेल्या माणसाला ते पुन्हा पाहता येते.