आरोग्याच्या ॲपबद्दल विचारलं, तर भीड सोडून बोला

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन २ जीबी रॅमचे, सारखे हँग होणारे. आणि ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी ॲपमध्ये माहिती भरायची ती इंग्रजीत. मुलांची वजनं-उंची रजिस्टरमध्ये मराठीत लिहिणाऱ्या बाईची ही अडचण तिच्या शेजारी एक दिवस बसलं तरी कळते. फोन वाटून झाल्यावर मात्र ती कळायला आंदोलन लागतं.

आता मधुमेहाचं, रक्तदाबाचं, गरोदरपणाचं ॲप बनवताना काही संस्था आणि दवाखाने रुग्णांनाही बैठकीला बोलावतात. तुम्हाला बोलावणं आलं तर जरूर जा. पण नुसती मान डोलवायला जाऊ नका.

चहा-बिस्किटं होतात, समोर डॉक्टर बसलेले असतात आणि ‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला आपण ‘छान आहे’ म्हणून मोकळे होतो. त्या ‘छान’चा बनवणाऱ्याला काडीचाही उपयोग नाही. बोट कुठे अडलं, काय वाचता आलं नाही, ते सांगा. डॉक्टरांसमोर बोलायचा संकोच वाटत असेल, तर त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगा, असं आयोजकांना म्हणा.

ॲप आयोजकांच्या कोऱ्या टॅबवर नको, आपल्याच फोनवर उघडा. मेमरी भरलेली, काच तडकलेली, रेंज येऊन-जाऊन असेल तर उत्तमच.

घरातलं खरं चित्र मांडा. इन्सुलिनची आठवण आईसाठी असते, पण फोन मुलाच्या खिशात, तो कंपनीत. जेवणाच्या यादीत ओट्स आहेत, नाचणीची भाकरी नाही. मासिक पाळी चुकल्याची सूचना घरात सगळ्यांसमोर स्क्रीनवर झळकते. अशा गोष्टी कार्यालयात बसून सुचत नाहीत.

बैठकीला येतात ते बहुधा फोन सराईतपणे वापरणारेच. म्हणून शेजारच्या आजींना, वाचता न येणाऱ्या मावशींनाही सोबत न्या. दिवसाचा रोज बुडणार असेल, तर भत्ता आणि प्रवासखर्च आधीच विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आपल्या आजाराची माहिती कुठे साठणार, कोण पाहणार, हेही विचारून घ्या. दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने मान्य केला आहे.

बनवणाऱ्यांचीही ओढाताण असते. एकाला मोठी अक्षरं हवीत, दुसऱ्याला एकाच पानावर सगळं. पैसा आणि मुदत दोन्ही मोजकी. सगळ्या सूचना घेता येणार नाहीत, हे समजून घ्या. मात्र आमचं काय घेतलं, काय सोडलं आणि का, हे पुन्हा बोलावून सांगा, एवढा आग्रह धरा. तोही पहिल्याच बैठकीत, ॲप कागदावर असतानाच. तेव्हा एक रकाना बदलायला पेन्सिल पुरते.