सदाफुलीचा काढा

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात पुन्हा तोच निरोप फिरला. सदाफुलीची पानं उकळून प्या, कॅन्सर पळतो! एरवी मी असल्या गोष्टी वाचून सोडून देते. पण या वेळी एका मावसबहिणीने काढा सुरू केला आणि केमोची तारीख पुढे ढकलली. म्हणून हा लेखनप्रपंच.

निरोपात थोडं तथ्य आहे, आणि तिथेच सगळी गोची आहे. सदाफुलीत विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही अल्कलॉइडं असतात आणि कॅन्सरवर ती साठ वर्षांहून अधिक काळ वापरात आहेत. ती सापडली कशी, हे मात्र निरोपात नसतं. १९५२ साली जमैकाहून कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांना पाकिटातून सदाफुलीची २५ पानं आली. तिकडे मधुमेहावर त्यांचा चहा पीत. त्यांचे भाऊ रॉबर्ट नोबल यांनी उंदरांना अर्क पाजून पाहिला. साखर जशीच्या तशी! मग टोचला, तर उंदीरच मेले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या घटल्या होत्या, की जंतुसंसर्गाने त्यांचा बळी घेतला. ज्या आजारात याच पेशी बेसुमार वाढतात, तिथे हे उपयोगी पडेल का, हा विचार पुढचा. चार्ल्स बीअर या रसायनतज्ज्ञाच्या मदतीने १९५८ पर्यंत विनब्लास्टिन वेगळं झालं.

म्हणजे बघा, पाजून काही झालं नाही, टोचल्यावर जीव गेला. ग्रॅमभर विनब्लास्टिनला सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात, आणि विनक्रिस्टिनचा डोस सहसा एका वेळी २ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, कारण नसांना इजा होते. आता आपल्या पातेल्यात किती उतरलं, हे कोण मोजणार? ‘अगं, झाडाचंच आहे, अपाय काय होणार?’ असं बहीण म्हणाली. कण्हेरही झाडच आहे, मी म्हटलं.

काचेच्या बशीतल्या कॅन्सरपेशी साबणाच्या पाण्यानेही मरतात हो! पेशी मेल्या, अशी बातमी आली की आपण औषध सापडल्याचा जल्लोष करतो. खरी परीक्षा नंतरची: रोग्याला झेपेल का? नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी मन्रो वॉल यांच्यासोबत १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं. उंदरांवर गुण आला, माणसांवर मात्र मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्याच रेणूत फेरफार करून केलेल्या औषधांना तिथे परवानगी मिळाली १९९६ साली. तीस वर्षं!

हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही आहे. त्यापायी बिचाऱ्याची बेसुमार तोड झाली. नरक्याचा काढा प्या, असा निरोप मला अजून तरी आलेला नाही.